पावाचे तुकडे चिवडणारी मुलं

लेक्चर बंक करणं तुम्हाला किती सोपं वाटतं, नाही? मारिया मॉन्टेसोरीला मात्र वर्गात बसायलाच झगडावं लागलं. रोममध्ये मेडिकलला असताना मुलांबरोबर शवविच्छेदन करणं मुलीला शोभत नाही, म्हणून तिला संध्याकाळी एकटीनं ते करावं लागे. तरी १८९६ मध्ये ती डॉक्टर झालीच!

पुढे वेड्यांच्या इस्पितळात तिला काही मुलं दिसली. ‘मंदबुद्धी’ म्हणून कोंडलेली. जेवण झालं की ती जमिनीवरचे पावाचे तुकडे चिवडत बसायची. सांभाळणाऱ्या बाईला तो हावरटपणा वाटायचा. मारियानं खोलीभर नजर फिरवली. हातात घ्यावं असं तिथं दुसरं काही नव्हतंच. मुलांना भूक होती ती खेळायची.

मग तिनं इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचं काम अभ्यासलं आणि १९०० पासून रोममधल्या खास शाळेत अशा मुलांना हाताळायच्या वस्तूंमधून शिकवलं. त्यातली काही मुलं चक्क सरकारी परीक्षा पास झाली.

१९०७ मध्ये सान लोरेंझोच्या गरीब वस्तीत तिनं बालगृह उघडलं. तिथला एक खेळ बघा. सगळ्यांनी अगदी गप्प बसायचं. मागून हळूच आपलं नाव ऐकू आलं की आवाज न करता उठून जायचं. खेळ एवढासाच, पण त्यात कान देणं आलं, पाळीची वाट बघणं आलं, दुसऱ्याला सांभाळून घेणंही आलं. ऑटिझमचं वर्णन लिओ कॅनर यांनी केलं ते १९४३ मध्ये, खूप नंतर. पण आज ऑटिस्टिक मुलांबरोबर खेळताना याच गोष्टींवर मेहनत घेतली जाते.

याच बाईला स्वतःचा मुलगा मारिओ मात्र दुसऱ्यांकडे वाढवायला द्यावा लागला. लग्नाशिवाय झालेलं मूल त्या समाजाला चालणारं नव्हतं. मोठेपणी तो तिच्याकडे आला आणि १९३९ मध्ये तिच्यासोबत भारतातही आला. तिच्या पद्धतीला आपल्या मातीचा रंग देणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम उभं केलं. मारिया १९५२ मध्ये गेली.

तेव्हा मित्रांनो, एखादं मूल एकाच वस्तूत गुंतलेलं दिसलं तर ती लगेच हिसकावू नका. शेजारी बसा, आणि त्याचं काय चाललंय ते आधी बघा.