शिलकीलाही हरकत घेणारा अर्थतज्ज्ञ

सरकारचा खर्च महसुलापेक्षा वेगाने वाढू लागला, की तुटीची चर्चा सुरू होते आणि काटकसरीचे सल्ले दिले जातात. परंतु खर्चाला लगाम कोणी घालावयाचा, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. तो नेमकेपणाने मांडण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे आयुष्य खर्ची पडले.

१८६६ साली कोतळूक येथे जन्मलेले गोखले थोरल्या बंधूंच्या कष्टांवर शिकले आणि १८८४ साली पदवीधर होऊन पुण्यात शिक्षक झाले. सरकारी अहवालांतील आकडे वाचण्याची शिस्त त्यांना न्यायमूर्ती रानडे यांनी लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात आपला सोलापूर जिल्हा होरपळत होता. त्याच १८९७ साली हे तीस वर्षांचे प्राध्यापक लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष देत होते. हिंदुस्थान सरकारचा खर्च वाढत जातो, कारण लष्कर, गोरी नोकरशाही व व्यापारी ह्या सर्वांचे हित खर्चवाढीतच आहे. कर भरणाऱ्या रयतेला मात्र अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार नाही, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

१९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात सरकारने सुमारे ७ कोटींची शिल्लक दाखविली, तेव्हा गोखल्यांनी अभिनंदनास नकार दिला. दुष्काळाने खंगलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याचा तो पुरावा आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मिठावरील कर कमी करावा, हा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०७ पर्यंत टप्प्याटप्प्याने एका रुपयावर आला.

मात्र गोखले केवळ खर्चकपातीचे पुरस्कर्ते नव्हते. लष्करावरील खर्च आवरा म्हणणाऱ्या ह्याच गृहस्थांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढील वर्षी ते फेटाळले गेले आणि १९१५ साली गोखले निवर्तले.

पुढे स्वतंत्र भारतात तुटीला मर्यादा घालणारा कायदा केंद्राने २००३ साली व महाराष्ट्राने २००५ साली केला. खर्चाच्या मागण्यांवर मतदानाचा अधिकार तर राज्यघटनेनेच लोकप्रतिनिधींना दिला आहे. तरीही कोट्यवधींच्या मागण्या पुष्कळदा चर्चेविना संमत होतात. तूट कर्जाने भरली, की व्याजाचा बोजा वाढतो आणि त्याची पहिली झळ शाळा व दवाखान्यांना बसते. गोखल्यांना जो अधिकार मिळाला नाही, तो आपल्या प्रतिनिधींपाशी आहे. अंदाजपत्रकाचे आकडे वाचून त्यांना जाब विचारणे, हे आता सुशिक्षित मतदाराचे काम होय.