लांडाऊ आणि विश्वाची उकळी

व्हायवाचं नाव काढताच पोटात गोळा येत असेल, तर लेव्ह लांडाऊ हे नाव लक्षात ठेवा. या रशियन शास्त्रज्ञाची ‘थिऑरेटिकल मिनिमम’ ही परीक्षा १९३४ ते १९६१ या काळात फक्त ४३ जण पास झाले!

लांडाऊचा जन्म २२ जानेवारी १९०८ रोजी बाकू शहरात झाला. १९३७ मध्ये त्याने अवस्थांतराचा सिद्धांत मांडला. लोखंड तापवलं की एका ठराविक तापमानाला त्याचं चुंबकत्व जातं. असे बदल समजायला एकेका अणूचा हिशोब नको, सरासरीवरून चित्र काढा, ही त्याची युक्ती. पुढच्याच वर्षी स्टालिनच्या पोलिसांनी त्याला पकडलं. वर्षभर तुरुंग. कापित्सा या शास्त्रज्ञाने हमी घेतली म्हणून सुटला, नाहीतर पुढचं काहीच घडलं नसतं. द्रव हेलियमवरील कामासाठी त्याला १९६२ चं नोबेल मिळालं. पण त्याच जानेवारीत मोटार अपघाताने तो कायमचा खचला. १ एप्रिल १९६८ ला तो गेला.

त्याची युक्ती मात्र थेट विश्वाच्या जन्मापर्यंत पोचली. मी वणीजवळच्या राजूरचा. आमच्या चुनाभट्टीत चुनखडी भाजायला साधारण ९०० अंश लागतात. विश्व सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाएवढं लहान होतं, तेव्हा तापमान होतं जवळपास २ वर १५ शून्यं! तिथून थंड होताना हिग्ज क्षेत्र जागं झालं आणि मूलकणांना वस्तुमान मिळालं. हा बदल पाणी उकळल्यासारखा बुडबुडे येऊन झाला की गुपचूप?

सरासरीचं गणित म्हणे, बुडबुडे. १९९६ मध्ये संगणकावर सगळे चढउतार धरून हिशोब केला, तर हिग्ज कण जड असल्यास बदल गुपचूप होतो असं निघालं. २०१२ मध्ये सापडलेला कण तेवढा जड आहेच. अजून न सापडलेले कण असतील, तर मात्र बुडबुडे शक्य आहेत. त्यांच्या टकरीतून उठलेल्या गुरुत्वीय लहरी ‘लिसा’ ही नियोजित अवकाश दुर्बीण टिपू शकेल. पण गोची अशी, की एकाच मॉडेलला दोन पद्धती लावल्या तर लहरींची ताकद हजारो पटींनी वेगळी येऊ शकते. मग लहर दिसली किंवा नाही दिसली, तरी निष्कर्ष काय काढायचा?

लांडाऊचा सिद्धांत कुठे कोलमडतो, ते १९६० मध्ये त्याचाच सहकारी गिन्झबर्गने दाखवलं. सिद्धांत त्यामुळे टाकाऊ झाला नाही, उलट तो कुठपर्यंत वापरायचा ते कळलं. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये शेवटी ‘एरर’चा कॉलम असतो ना, तो घाईत भरू नका. मला तर वाटतं, उत्तराइतकाच तोही महत्त्वाचा आहे.