पीटर ब्राइस: कॅनडातल्या आदिवासी मुलांचे मृत्यू मोजणारा डॉक्टर

शाळेच्या पटावर किती मुलं आहेत, हे सरकारला माहीत होतं. पण शाळा सोडून गेलेल्या मुलांचं पुढे काय झालं? कॅनडातल्या आदिवासी मुलांबद्दल हा प्रश्न १९०७ मध्ये एका सरकारी डॉक्टरने विचारला. उत्तर भयंकर होतं.

कोण होते ब्राइस?

पीटर ब्राइस यांचा जन्म १८५३ मध्ये ओंटारिओत झाला. १८८२ मध्ये ते या प्रांताच्या आरोग्य मंडळाचे पहिले सचिव झाले. साथी आणि मृत्यूंचे आकडे तपासणं हे त्यांचं रोजचं काम. १९०४ मध्ये ते केंद्र सरकारच्या इंडियन खात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी बनले. तिथल्या मूळ रहिवाशांना सरकारदरबारी तेव्हा 'इंडियन' म्हणत.

आकड्यांनी काय दाखवलं?

आदिवासी मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडून निवासी शाळांत ठेवलं जाई. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा. ब्राइस यांनी पश्चिम कॅनडातल्या ३५ शाळा पाहिल्या. कोंदट वसतिगृहांत क्षयरोग पसरत होता. आजारी मुलांना अनेकदा घरी पाठवलं जाई. तिथे ती दगावली, तर शाळेच्या हिशेबात तो मृत्यू दिसतच नसे.

म्हणून ब्राइस यांनी शाळांना प्रश्नावली पाठवली आणि माजी विद्यार्थ्यांचीही माहिती मागवली. फक्त १५ शाळांनी उत्तर दिलं. त्यातल्या १,५३७ मुलांपैकी जवळपास २५ टक्के दगावली होती. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत हे प्रमाण ६९ टक्के होतं.

मग सरकारने काय केलं?

बातम्या छापून आल्या, पण शाळा तशाच राहिल्या. ब्राइस यांनी सुचवलेले उपाय खर्चिक ठरवले गेले. खात्याची सूत्रं डंकन कॅम्पबेल स्कॉट यांच्याकडे गेल्यावर ब्राइस यांचे अहवालही नकोसे झाले. १९२१ मध्ये त्यांना सक्तीने निवृत्त केलं गेलं.

नोकरीचं बंधन सुटताच, १९२२ मध्ये त्यांनी पुस्तिका काढून सगळं जनतेसमोर मांडलं. १९०४ ते १९१७ या काळात आदिवासींची संख्या सुमारे २० हजारांनी वाढायला हवी होती, उलट ती १,६३९ ने घटली, हे त्यांनी दाखवलं. देशभर विखुरलेल्या सुमारे १ लाख ५ हजार आदिवासींच्या क्षयरोगासाठी वर्षाला फक्त १० हजार डॉलरची तरतूद होती. जवळपास तेवढ्याच लोकसंख्येचं एकटं ओटावा शहर त्याच्या तिप्पट खर्च करत होतं.

१९३२ मध्ये ब्राइस यांचं निधन झालं. निवासी शाळा मात्र १९९० च्या दशकापर्यंत चालू राहिल्या. २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाने या शाळांना सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं.

ब्राइस आणि स्कॉट दोघांच्याही कबरी ओटावातल्या एकाच दफनभूमीत आहेत. तेव्हा काही कळलंच नव्हतं, असं कॅनडाला म्हणता येत नाही. आकडे १९०७ पासून सरकारच्या टेबलावर होते.