इस्मत आपा आणि त्यांचा लेखक-गोतावळा

उर्दू कादंबरीच्या इतिहासात ज्या लेखिकेचे नाव आदराने, आणि क्वचित थोड्या धास्तीनेही, घेतले जाते त्या इस्मत चुगताई यांचे आयुष्य जवळजवळ पन्नास वर्षे आपल्या मुंबईतच गेले. लहानथोर सारे त्यांना इस्मत आपा म्हणत. त्यांच्या काही कथा आपल्या घरांत आजही सर्वांना रुचतात असे नाही. तथापि मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या संस्थेच्या स्मरणिकेत त्यांच्या चरित्राला स्थान असलेच पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१५ रोजी उत्तर प्रदेशातील बदायूँ येथे झाला. वडील मिर्झा कसीम बेग सरकारी नोकरीत होते. दहा भावंडांत इस्मत नवव्या. मोठ्या बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या, त्यामुळे त्या भावांच्या बरोबरीने झाडांवर चढत, घोडदौड करीत वाढल्या. थोरले बंधू अझीम बेग चुगताई हे नावाजलेले विनोदी लेखक होते. प्रकृतीने क्षीण असलेल्या या भावानेच बहिणीला वाचनाची गोडी लावली आणि तिचा अभ्यास घेतला.

पुढे घरात लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या. मुलीने स्वयंपाक शिकावा, अशी वडीलधाऱ्यांची अपेक्षा होती. किशोरवयीन इस्मतने मात्र वडिलांसमोर उभे राहून अलीगढला शिकायला पाठवा असे सांगितले, आणि परवानगी न मिळाल्यास घर सोडून मिशनच्या शाळेत जाईन असेही बजावले. मिर्झासाहेबांनी अखेर होकार दिला. या कामी मुलीच्या हट्टाइतकेच श्रेय त्या पित्यालाही द्यावयास हवे. अलीगढची ती मुलींची शाळा शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली मोठा विरोध सोसून काढली होती. त्यांचीच कन्या डॉ. रशीद जहाँ. पेशाने डॉक्टर आणि वृत्तीने लेखिका असलेल्या या बाईंचा स्पष्टवक्तेपणा इस्मत यांनी आदर्श मानला.

लखनौच्या इझाबेला थोबर्न कॉलेजातून त्या बी.ए. झाल्या. त्या काळातच, एप्रिल १९३६ मध्ये, लखनौस पुरोगामी लेखक संघाची पहिली परिषद मुन्शी प्रेमचंद यांच्या अध्यक्षतेखाली भरली, तिला त्या हजर राहिल्या. नंतर त्यांनी अध्यापनाची पदवी घेतली आणि बरेली व जोधपूर येथील मुलींच्या शाळांत काम केले. दिल्लीच्या 'साकी' मासिकात 'फसादी' हे त्यांचे नाटक छापून आले, तेव्हा अझीम बेगच बहिणीच्या नावाने लिहीत आहेत, असा अनेक वाचकांचा समज झाला!

१९४१-४२ च्या सुमारास त्या मुंबईला आल्या आणि शाळांच्या निरीक्षक म्हणून काम पाहू लागल्या. १९४२ साली चित्रपटलेखक शाहिद लतीफ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शाहिदसाहेबांनीच त्यांना भायखळ्याला राहणाऱ्या सआदत हसन मंटो यांच्या घरी नेले. पहिल्याच भेटीत दोघांची वादावादी झाली आणि तिच्यातूनच मैत्री जमली. मंटो त्यांना बहीण म्हणत. पुढे एका रात्री मालाडच्या घरी एका फारसी शब्दाच्या योग्य रूपावरून दोघे इतके हट्टाला पेटले की अखेर शब्दकोश उघडावा लागला. इस्मत लिहीत कशा, हेही मंटोंनीच आपल्या व्यक्तिचित्रात टिपून ठेवले आहे. उशीवर वही, एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात बर्फाचा खडा; लहान मुलाप्रमाणे बर्फ कुरतडीत मजकूर भराभर उतरत जाई. नुक्ते देण्याकडे लक्ष नसे.

'जिद्दी' ही पहिली कादंबरी तरुण वयातील प्रेमकथा. तिच्यावर शाहिद लतीफ यांनी १९४८ साली देव आनंद व कामिनी कौशल यांना घेऊन चित्रपट काढला. खरी झेप दिसते ती 'टेढी लकीर'मध्ये. दिवस गेलेले असताना आणि प्रकृती बरी नसताना त्यांनी ही मोठी कादंबरी लिहिली. भरल्या घरात दुर्लक्षित राहिलेली शमन वसतिगृहात कशी वाढते, शिक्षिका होऊन शाळेच्या कारभारात कशी पोळते, हे तीत आले आहे. मुलीच्या मनाचा इतका सूक्ष्म शोध उर्दूत त्यापूर्वी क्वचितच घेतला गेला असेल. शाळा चालविणाऱ्यांनी तर ती अवश्य वाचावी.

याच सुमारास त्यांच्यावर संकट आले. लाहोरच्या 'अदब-ए-लतीफ'मध्ये १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या 'लिहाफ' या कथेवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मंटोंवरही त्यांच्या 'बू' या कथेसाठी खटला होताच. दोघे मिळून लाहोरला गेले आणि मोकळ्या वेळात तेथील बाजारात जोडे खरेदी करून आले. माफी मागून प्रकरण मिटवा, असा सल्ला अनेकांनी दिला. इस्मत यांनी तो मानला नाही. कथेत अमुक शब्द अश्लील आहे असे साक्षीदारांना दाखविता आले नाही आणि त्या सुटल्या. मात्र या एका कथेने आपले बाकीचे लेखन झाकोळून टाकले, ही खंत त्यांना अखेरपर्यंत होती.

१९४५ साली हैदराबादच्या परिषदेत अश्लील साहित्याचा निषेध करणारा ठराव खुद्द पुरोगामी लेखकांनीच आणला. त्याला विरोध करायला उभे राहिले ते मौलाना हसरत मोहानी! ठराव बारगळला. नमाज-रोजा पाळणाऱ्या त्या स्वातंत्र्यसैनिकाने घेतलेली ही बाजू आपण विसरू नये.

मुंबईत सज्जाद जहीर यांच्या वाळकेश्वरच्या घरी या लेखकांच्या बैठका भरत. कृष्ण चंदर, सरदार जाफरी, कैफी आझमी अशी मंडळी जमत. कोणी नवे लेखन वाची, आणि मग मित्रच त्याची चिरफाड करीत. जानेवारी १९४८ मध्ये मंटो लाहोरला निघून गेले. त्यांनी इस्मत यांनाही तिकडे येण्याचा आग्रह केला, पण त्यांनी मुंबई सोडली नाही. मे १९४९ मध्ये आपल्या ठाणे जिल्ह्यातच, शीळफाट्याहून कल्याणच्या रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या भिवंडीत, संघाची परिषद झाली आणि लेखकांनी काय लिहावे याचा मोठा कडक जाहीरनामा मंजूर झाला. इस्मत आपांची लेखणी त्या साच्यात बसणारी नव्हती. 'चौथी का जोडा' या कथेत घोषणा एकही नाही. तरीही हुंड्या-आहेराच्या विवंचनेत झिजणारे घर वाचकाच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मैत्री होती तशी चकमकही. कुर्रतुल ऐन हैदर यांच्या उच्चभ्रू पात्रांची त्यांनी 'पोम पोम डार्लिंग' या लेखात मनसोक्त थट्टा केली. त्याच हैदरबाईंनी पुढे इस्मत यांच्या निधनानंतर 'लेडी चंगेज खान' या नावाचा लेख त्यांच्यावर लिहिला.

१९६७ साली शाहिद लतीफ निवर्तले. दोन मुलींची आई असलेल्या इस्मत यांचे लेखन थांबले नाही. 'मासूमा'मध्ये त्यांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत होरपळणारी मुलगी रंगविली होती. 'अजीब आदमी'ही त्याच दुनियेची कथा. त्यानंतर मात्र त्यांनी सर्वांना चकित करणारा विषय घेतला. 'एक कतरा-ए-खून' ही कादंबरी करबलाच्या घटनेवर आहे, आणि तिची प्रेरणा आपण मीर अनीस यांच्या मर्सियांतून घेतली हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. १९७६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आत्मचरित्राची प्रकरणे १९७९ पासून दिल्लीच्या 'आजकल' मासिकात येऊ लागली. ती क्रमाने नव्हती; आठवेल तसे त्या लिहीत गेल्या. २४ ऑक्टोबर १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, आणि 'कागजी है पैरहन' हे पुस्तक त्यांच्या पश्चात वाचकांच्या हाती आले. वडिलांकडे अलीगढची परवानगी मागितल्याचा तो प्रसंग त्यात सविस्तर आला आहे.