मादाम कामा यांचा वनवास

आपल्या देशाच्या स्वातंत्र्याच्या इतिहासांत स्त्रियांचीं नांवें थोडीं आढळतात, आणि जीं आढळतात तीं बहुधा एखाद्या वाक्यापुरतींच असतात. मादाम भिकाईजी कामा यांची गोष्ट अशीच आहे. परदेशांतील परिषदेंत हिंदुस्थानचा ध्वज फडकविणारी स्त्री, एवढें एक वाक्य पुष्कळ विद्यार्थ्यांस पाठ असतें. परंतु तो ध्वज उभारण्यास एक घटका पुरली, आणि त्या मार्गांत जें सोसावें लागलें त्यास तीस वर्षेंही पुरलीं नाहींत. त्या वर्षांची हकीकत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील माणसांस येथें सांगणार आहों.

भिकाईजींचा जन्म मुंबई येथें ता. २४ सप्टेंबर १८६१ रोजीं एका सधन पारशी कुटुंबांत झाला. वडील सोराबजी फ्रामजी पटेल हे व्यापारी होते व आईचें नांव जायजीबाई. त्या काळीं मुलीस इंग्रजी शिक्षण देणारे आईबाप विरळाच. परंतु पटेलांनीं आपल्या कन्येस अलेक्झांड्रा कन्याशाळेंत घातलें. सन १८८५ मध्यें तिचा विवाह रुस्तुम कामा यांच्याशीं झाला. सासरे खरशेदजी रुस्तुमजी कामा हे प्राचीन इराणी विद्येचे नामांकित पंडित. पति वकिलीचा धंदा करीत व इंग्रजी राज्याचे अभिमानी होते. पत्नीच्या मनाचा ओढा मात्र देशकार्याकडे. दोघांचीं मनें जुळलीं नाहींत. घरीं धनधान्याची कमतरता नव्हती, नोकरचाकर होते. तरी भिकाईजींचें चित्त त्या सुखांत रमलें नाहीं.

सन १८९६ मध्यें मुंबईस प्लेगानें गांठलें. लोक शहर सोडून जाऊं लागले, सख्खे नातलग रोग्यास हात लावण्यास भिऊं लागले. अशा वेळीं ही श्रीमंत घरची सून ग्रँट मेडिकल कॉलेजांतून काम करणाऱ्या सेवापथकांत सामील झाली व प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करूं लागली. व्हावयाचें तेंच झालें. तिलाही प्लेगानें पछाडलें. ती वांचली खरी, परंतु पूर्वींची प्रकृति पुन्हां आली नाहीं. ह्याच दुखण्यावर उपचार व्हावे म्हणून सन १९०२ मध्यें तिला विलायतेस धाडण्यांत आलें. थोड्या दिवसांनीं परत यावयाचें अशा बेतानें निघालेली ही बाई तेहतीस वर्षें मायभूमीस मुकली. श्रीरामचंद्राचा वनवास चौदा वर्षांचा होता, हें ध्यानांत आणिलें म्हणजे ह्या वनवासाची लांबी कळेल.

लंडनमध्यें त्यांनीं वृद्ध दादाभाई नौरोजी यांच्या कार्यालयांत चिटणिसाचें काम केलें. तेथेंच कच्छचे पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांची गांठ पडली, आणि सन १९०५ मध्यें श्यामजींनीं होमरूल सोसायटी काढली तेव्हां बाईंनीं तिला पाठिंबा दिला. आतां स्वदेशीं परतावें असें त्यांच्या मनांत होतें. परंतु राजकीय चळवळींत भाग घेणार नाहीं असें लेखी वचन दिल्याखेरीज हिंदुस्थानांत पाऊल ठेवतां येणार नाहीं, असें त्यांस कळविण्यांत आलें. एका सहीचें काम होतें. सही केली कीं घर, आप्तइष्ट, मुंबईचा समुद्र, सर्व कांहीं परत मिळणार होतें. बाईंनीं सही केली नाहीं. त्याच वर्षीं त्या पॅरिस येथें गेल्या, आणि सरदारसिंह राणा व मंचेरशा बुर्जोरजी गोदरेज यांच्या साहाय्यानें त्यांनीं तेथें हिंदी लोकांची एक संस्था स्थापिली.

पुढें ता. २२ ऑगस्ट १९०७ रोजीं जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं आंतरराष्ट्रीय समाजसत्तावादी परिषदेंत तो प्रसिद्ध प्रसंग घडला. निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींपुढें बाईंनीं हिंदुस्थानांतील दुष्काळाचें व दारिद्र्याचें वर्णन केलें, आपल्या देशबांधवांसाठीं समान हक्क व स्वराज्य मागितलें, आणि हिरवा, पिवळा व तांबडा असे तीन पट्टे असलेला ध्वज उलगडला. मधल्या पट्ट्यावर देवनागरी अक्षरांत वंदे मातरम् हे शब्द होते. खालच्या पट्ट्यावर सूर्य व चंद्रकोर होती.

इतिहासाचीं पुस्तकें बहुधा येथेंच थांबतात. खरें कष्टाचें काम ह्यानंतरचें आहे. सन १९०९ च्या सप्टेंबरांत बाईंनीं वंदे मातरम् ह्याच नांवाचें मासिक पत्र सुरू केलें. लाला हरदयाळ तें संपादीत, जिनेव्हा येथें तें छापलें जाई, आणि फ्रेंचांच्या ताब्यांतील पाँडिचेरीच्या वाटेनें गुप्तपणें हिंदुस्थानांत येई. इंग्रज सरकारनें बाईंस आपल्या स्वाधीन करावें अशी मागणी केली. फ्रेंच सरकारनें ती मान्य केली नाहीं. नाशिक जिल्ह्यांतील भगूरचे विनायकराव सावरकर यांनीं सन १९१० च्या जुलैमध्यें मार्सेय बंदरांत आगबोटींतून उडी घेतली व ते फ्रेंच किनाऱ्यावर पुन्हां पकडले गेले, तेव्हां बाईंनीं तें प्रकरण फ्रेंच समाजसत्तावादी पुढाऱ्यांच्या कानीं घातलें. तें हेग येथील न्यायमंडळापुढें गेलें. सन १९११ मध्यें निकाल इंग्रजांच्या बाजूनें लागला; तरी एका हिंदी कैद्याची दाद जगाच्या चव्हाट्यावर लागली, ह्याचें बरेंचसें श्रेय बाईंच्या खटपटीस आहे.

आपल्या भगिनींचा त्यांस विसर पडला नव्हता. सन १९१० मध्यें इजिप्त देशच्या देशभक्तांच्या सभेंत त्या गेल्या, तों समोर केवळ पुरुषच बसलेले दिसले. तेव्हां राष्ट्राचें उरलेलें अर्धें अंग कोठें आहे असें त्यांनीं तेथेंच विचारलें, आणि पाळणा हालविणारा हातच मनुष्याचा स्वभाव घडवितो ह्याची श्रोत्यांस आठवण करून दिली. पुढें सन १९२० च्या सुमारास हिराबाई व मिठन टाटा ह्या मायलेकी स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झटत असतां, त्यांना मात्र बाईंनीं असा सल्ला दिला कीं, आधीं देशाच्या स्वातंत्र्यासाठीं काम करावें, मग मताधिकारासह इतर हक्कही मिळतील. हा क्रम सर्वांस पटेलच असें नाहीं. आम्हांसही वाटतें कीं दोन्ही कामें बरोबरच चालावयास हवीं होतीं.

सन १९१४ मध्यें महायुद्ध पेटलें आणि फ्रान्स व इंग्लंड दोस्त झाले. मार्सेय येथें उतरलेल्या पंजाबी पलटणींत चळवळ करण्याच्या प्रयत्नामुळें बाईंस अटक झाली. पुढें त्यांस व्हिशी येथें स्थानबद्ध करण्यांत आलें. सन १९१७ च्या नोव्हेंबरांत प्रकृति फारच ढासळल्यामुळें त्यांची सुटका झाली; परंतु दर आठवड्यास पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. युद्ध संपल्यावर त्या पॅरिसला परतल्या. सोबती पांगले होते, कांहीं निवर्तले होते. हिंदुस्थानांत नव्या पुढाऱ्यांच्या हातांखालीं चळवळीस नवें रूप आलें होतें, आणि पॅरिसमधील ह्या वृद्ध बाईची आठवण थोड्यांनाच उरली होती.

सन १९३५ मध्यें त्यांस पक्षघाताचा झटका आला. आतां मरण मायदेशीं यावें एवढीच इच्छा उरली. सर कावसजी जहांगीर यांच्या मार्फत त्यांनीं सरकारकडे अर्ज केला, आणि जी अट तीस वर्षांपूर्वीं नाकारली होती ती जून महिन्यांत मान्य केली.

येथें आमच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या मनांत प्रश्न येईल कीं, ह्या सहीनें पूर्वींचें सर्व तप वांयां गेलें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बाई जेव्हां सशक्त होत्या, त्या सहीनें त्यांच्या हातचें काम बंद पडलें असतें, तेव्हां त्यांनीं ती दिली नाहीं. जेव्हां दिली, तेव्हां देण्यासारखें काम सर्व देऊन झालें होतें. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरील पंगु स्त्रीकडूनही सरकारनें तें वचन लिहून घेतलें, ह्यांत उणेपणा कोणाचा हें वाचकांनींच ठरवावें.

सन १९३५ च्या नोव्हेंबरांत त्या मुंबईस उतरल्या, आणि नऊ महिन्यांनीं, ता. १३ ऑगस्ट १९३६ रोजीं, पारशी रुग्णालयांत त्यांनीं देह ठेविला. मृत्युपत्रान्वयें त्यांच्या मिळकतीचा मोठा भाग मुंबईच्या अवाबाई पेटिट मुलींच्या अनाथाश्रमास मिळाला. स्टुटगार्टचा ध्वज इंदुलाल याज्ञिक यांनीं गुप्तपणें हिंदुस्थानांत आणिला, व तो पुण्यास केसरी-मराठा ग्रंथालयांत ठेवण्यांत आला. अकरा वर्षांनीं, सन १९४७ मध्यें, देश स्वतंत्र झाला. तो दिवस पाहण्यास बाई नव्हत्या.

विद्यार्थिमित्रांनो, यापुढें इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या स्त्रीचें नांव एका ओळींत आटोपलेलें दिसलें, तर त्या ओळीच्या आधीं काय घडलें व नंतर काय घडलें हें आपल्या शिक्षकांस अवश्य विचारा. आणि पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, ह्या बाईंनीं परक्या देशांत विचारलेला तो प्रश्न त्यांनीं आपल्या घरींही एकदां विचारून पाहावा, आणि घरांतील मुलीचें पुस्तक मुलाच्या पुस्तकाइतकेंच अगत्यानें आणावें.