प्लेगची लस आधी स्वतःला टोचणारा माणूस; १९ मृत्यूंचा ठपका पुसायला लागली पाच वर्षं!

स्मृतिदिन विशेष

गावात साप चावला, विंचू चावला की आरोग्य केंद्रात धावपळ होते आणि कुणीतरी हाफकिनचं नाव काढतंच. पोलिओच्या डोसामुळंही हे नाव घराघरात गेलं. पण हाफकिन ही नुसती संस्था नाही, तो एक माणूस होता. परक्या देशातून आला, आपल्या लोकांसाठी राबला आणि न केलेल्या चुकीची शिक्षा भोगून गेला. २६ ऑक्टोबर हा त्याचा स्मृतिदिन.

ओडेसा ते पॅरिस

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा. गाव ओडेसा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं. घर ज्यू धर्माचं. त्या काळात तिथं ज्यू वस्त्यांवर हल्ले व्हायचे. तरुण हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले, अटकही झाली. त्यांचे गुरू, थोर शास्त्रज्ञ इल्या मेचनिकोव्ह यांनी खटपट करून त्यांना सोडवलं.

हुशारी भरपूर, पण ज्यू असल्यानं प्राध्यापकाची नोकरी काही मिळेना. शेवटी देश सोडला. १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम मिळालं, तेही ग्रंथालयात मदतनीस म्हणून! दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात जंतूंचा अभ्यास करायचा. त्यातून त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ ला ती पहिल्यांदा टोचली ती स्वतःच्याच अंगात.

भारतात पाऊल

१८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला आले. लोकांना परक्या माणसाच्या सुईची भीती वाटायची, सुरुवातीला दगडही आले. तरी ते वस्त्यांमधून, आसामच्या चहाच्या मळ्यांमधून फिरत राहिले. जबरदस्ती नाही, समजावून सांगायचं, ही त्यांची रीत. मलेरियानं अंग मोडलं, उपचारासाठी इंग्लंडला जावं लागलं, पण बरं वाटताच माघारी आले.

तेवढ्यात १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग निघाला. लोक शहर सोडून पळू लागले आणि त्यांच्यासोबत रोग गावोगाव पोचला. उंदीर पडायला लागले की गाव मोकळं करून माळावर झोपड्या टाकायच्या, या आठवणी आपल्याकडं जुनी माणसं सांगायची. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, त्या याच साथीत, १० मार्च १८९७ ला.

एक खोली, एक कारकून, तीन शिपाई

सरकारनं हाफकिन यांना मुंबईत बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर काम सुरू झालं.

प्लेगचे जंतू वाढवायचे, उष्णता देऊन मारायचे आणि मेलेले जंतू टोचायचे. शरीर त्या जंतूची ओळख ठेवतं आणि खरा रोग आला की लढायला तयार असतं, हे त्यामागचं शास्त्र. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागायचा. हिंदूंच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्यांनी बोकडाचं मांस वापरलं, आणि रश्श्यावर आपल्या घरातल्या तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांखाली जंतू झुंबरासारखे लोंबकळत वाढायचे.

१० जानेवारी १८९७ ला त्यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. सणकून ताप आला, पण निभावलं. मग भायखळ्याच्या तुरुंगात राजीखुशीनं पुढं आलेल्या कैद्यांना टोचली. आगाखान यांनी सगळ्यांसमोर लस घेतल्यावर लोकांची भीड चेपली.

उंढेऱ्याचा हिशोब

लसीचा उपयोग होतो हे नुसतं सांगून चालत नाही, पुरावा लागतो. १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात त्यांनी प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. घर तेच, जेवण तेच, उंदीरही तेच. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग झाला, ३ दगावले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ जणांना झाला आणि २६ दगावले. आजही लसीची परीक्षा अशीच होते, दोन गटांची तुलना करून.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली. इथून लाखो डोस देशभर जाऊ लागले.

मुलकोवाल : एका बाटलीनं घात केला

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकूण एक दगावले. १९ घरांवर आभाळ कोसळलं. जे रोगापासून वाचायला आले होते, तेच गेले.

चौकशी आयोग नेमला गेला. आयोग म्हणाला, बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली. हाफकिन यांनी लसीतलं कार्बोलिक काढून फक्त उष्णतेवर भर दिला होता, त्यावरही बोट ठेवलं गेलं. त्यांना पदावरून दूर केलं. १९०४ मध्ये ते इंग्लंडला गेले, डोक्यावर १९ मृत्यूंचा डाग घेऊन.

पण पुरावा वेगळंच सांगत होता. टोचायच्या दिवशी बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा मातीत पडला होता. तो कार्बोलिकमध्ये नुसता खळबळून त्यानंच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. दुसरं म्हणजे, बाटली भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस जंतू आत वाढले असते तर बाटलीला घाण वास आला असता, आणि उघडताना तसा वास नव्हता. शिवाय आत विष साठलेलं असतं तर माणसं लगेच आजारी पडली असती. इथं लक्षणं दिसायला आठवडाभर गेला.

मलेरिया डासांमुळं पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूनं उभे राहिले. २९ जुलै १९०७ ला दहा नामांकित शास्त्रज्ञांचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. त्यानंतर सरकारनं त्यांना दोषमुक्त केलं.

परळ पुन्हा मिळालं नाही

हाफकिन भारतात परतले, पण परळची प्रयोगशाळा काही हाती आली नाही. कलकत्त्यात संशोधनाचं काम दिलं, माणसांवर लसीचे नवे प्रयोग करायची मुभा नव्हती. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन ते युरोपात गेले. लग्न केलं नव्हतं. सगळी पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं त्यांचं निधन झालं.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव दिलं गेलं, तेव्हा ते हयात होते.

आज आरोग्य केंद्रात सिस्टर आपल्यासमोर नवी सुई फोडतात, बाटलीवरची तारीख बघतात, खाली पडलेली वस्तू बाजूला टाकतात. हा सोपस्कार नाही. मुलकोवालच्या १९ जणांनी जिवाची किंमत मोजून शिकवलेला धडा आहे तो. पुढच्या वेळी लेकराला डोस पाजायला न्याल, तेव्हा तो एकदा नीट बघा.