ज्याने हत्यार हातातून काढून घेतलं

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या युनिटमध्ये लेथ चालताना तुम्ही पाहिला असेल. चकमध्ये जॉब गरगर फिरतोय, टूल संथपणे पुढे सरकतंय आणि लोखंडाची चकचकीत वेटोळी ट्रेमध्ये पडतायत. आता नीट आठवून बघा, ते टूल कुणाच्या हातात होतं? कुणाच्याच नाही. ते टूल पोस्टमध्ये घट्ट आवळलेलं होतं आणि टर्नरचे हात हँडलवर होते, कापल्या जाणाऱ्या लोखंडापासून सुरक्षित अंतरावर.

आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण सव्वादोनशे वर्षांपूर्वी बहुतेक कारखान्यांत कारागीर लांब दांड्याचं हत्यार दोन्ही हातांनी धरायचा, एका आधारावर टेकवायचा आणि अंगाचा जोर लावून फिरत्या धातूवर दाबायचा. हत्यार अडकलं तर झटका थेट मनगटाला, आणि हात जरा हलला तर जॉब वाया. ही पद्धत मोडीत काढण्यात ज्याचा सर्वांत मोठा वाटा होता, त्या माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव हेन्री मॉडस्ले.

हेन्रीचा जन्म 1771 सालचा, लंडनजवळ थेम्सकाठच्या वुलिचमधला. वडील तिथल्या सरकारी शस्त्र कारखान्यात काम करायचे. हेन्री लहान असतानाच ते गेले आणि बाराव्या वर्षी पोरगं त्याच कारखान्यात कामाला लागलं. काम काय, तर काडतुसांत दारू भरणं! दोन वर्षांनी त्याला सुतारकामाकडे पाठवलं, पण त्याचं मन रमायचं शेजारच्या लोहारशाळेत. शेवटी पंधराव्या वर्षी त्याला तिथे घेतलं आणि थोड्याच दिवसांत घण आणि कानस यांवरचा त्याचा हात गावभर नावाजला गेला.

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा संशोधक एका डोकेदुखीने हैराण झाला होता. त्याने न उघडता येणारं कुलूप शोधून काढलं होतं, पण त्याचे बारीक भाग हाताने बनवायला फार वेळ आणि पैसा लागायचा. कुणीतरी त्याला हेन्रीचं नाव सुचवलं. अठरा वर्षांचा पोरगा बघून ब्रामाच्या कारखान्यातली मंडळी साशंक झाली. सांगतात, की हेन्रीने तिथला एक झिजलेला बाक-व्हाइस मागून घेतला आणि संध्याकाळची सुट्टी व्हायच्या आत नव्यासारखा करून दाखवला. नोकरी पक्की झाली.

कुलपाचे भाग हाताने घासत बसण्यापेक्षा ते भाग बनवणारी यंत्रंच हेन्रीने तयार केली. ब्रामाने आपलं कुलूप दुकानाच्या खिडकीत टांगलं होतं आणि उघडून दाखवणाऱ्याला 200 गिनींचं बक्षीस लावलं होतं. ते कुलूप उघडलं थेट 1851 मध्ये. एका अमेरिकन कुलूपतज्ज्ञाला त्यासाठी सोळा दिवसांत मिळून 51 तास झगडावं लागलं. तोवर ब्रामा आणि मॉडस्ले दोघंही या जगात नव्हते.

आठ वर्षं झाली. हेन्रीचं लग्न झालं होतं, पोरंबाळं होती, कारखान्याचा कारभारही तोच बघायचा. पगार आठवड्याला 30 शिलिंग. त्याने वाढ मागितली, ब्रामाने ती फटकन नाकारली. 1797 मध्ये हेन्री बाहेर पडला आणि लंडनच्या वेल्स स्ट्रीटवर त्याने स्वतःचं छोटंसं वर्कशॉप थाटलं. पहिली ऑर्डर होती एका चित्रकाराच्या ईझलच्या लोखंडी कामाची.

याच काळात त्याने तो प्रसिद्ध लेथ घडवला. इथे एक गैरसमज दूर करू. हत्यार यंत्रात पकडण्याची कल्पना एकट्या मॉडस्लेची नव्हती. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्येही तसे प्रयत्न आधी झाले होते. मॉडस्लेने काय केलं, तर सरकता टूल रेस्ट, अचूक आट्यांचा लीड स्क्रू आणि बदलता येणारी दातेरी चाकं या तिन्ही गोष्टी एका भक्कम धातूच्या सांगाड्यात एकत्र बसवल्या. चाकं बदलली की हव्या त्या मापाचे आटे पाडता यायचे, आणि दर वेळी तसेच्या तसे. त्याआधी एका बोल्टचा नट दुसऱ्या बोल्टला बसेल याची खात्री नसे. मशीन खोललं की कुठला नट कुठल्या बोल्टचा हे खुणा करून ठेवावं लागायचं!

मग मोठं काम आलं ते ब्रिटिश आरमाराचं. शिडाच्या एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागायच्या. मार्क ब्रुनेल या अभियंत्याने त्या बनवणाऱ्या यंत्रांची कल्पना मांडली आणि मॉडस्लेने ती यंत्रं प्रत्यक्षात उतरवली. पोर्ट्समथच्या गोदीत 1808 पर्यंत ही यंत्रमाला पूर्ण जोरात चालू झाली. वर्षाला सुमारे 1,30,000 कप्प्या निघू लागल्या आणि आधी 110 माणसं करायची ते काम दहाजण करू लागले. बाकीच्या शंभरांचं काय झालं असेल, हा प्रश्न आज ऑटोमेशनच्या बातम्या वाचणाऱ्या तुम्हाला पडला, तर तो रास्तच आहे.

मॉडस्लेच्या कारखान्यात कामगारांच्या बाकांवर एकदम सपाट केलेली धातूची पाटी असायची. बनवलेला भाग तिच्यावर टेकवून बघायचा, डोळ्यांवर विसंबायचं नाही. आणि वाद झालाच तर शेवटचा निकाल द्यायला त्याचा स्वतःचा मायक्रोमीटर होता. तो इंचाचा दहा हजारावा भाग दाखवायचा. त्याचं टोपणनाव होतं लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे त्या काळी इंग्लंडमधला सर्वोच्च न्यायाधीश! या शिस्तीत तयार झालेल्यांची नावं बघा: रिचर्ड रॉबर्ट्स, वाफेच्या घणासाठी प्रसिद्ध झालेला जेम्स नॅस्मिथ आणि 1841 मध्ये नट-बोल्टच्या आट्यांचं प्रमाण मांडणारा जोसेफ व्हिटवर्थ.

फ्रान्समधल्या आजारी मित्राला भेटून परतताना मॉडस्लेला थंडी बाधली आणि त्यातच 1831 च्या फेब्रुवारीत तो गेला. त्याला वुलिचमध्येच पुरलं. थडग्यावरचं स्मारक बिडाचं होतं आणि त्याचा आराखडा त्याने स्वतःच करून ठेवला होता.

आता तुमच्या वर्कशॉपमध्ये परत येऊ. मॉडस्लेनंतर लेथला अनेक जोड आले. त्यातलाच एक म्हणजे टेपर टर्निंग अटॅचमेंट. एरवी टूल बेडला समांतर सरकतं, म्हणून जॉब सरळ निघतो. निमुळता जॉब हवा असेल तर टूलने पुढे जाता जाता आडवंही सरकायला हवं. लेथच्या मागे तिरकी लावलेली गाइड बार आणि तिच्यावरून घसरणारा ठोकळा हेच करतो. म्हणजे कल्पना मॉडस्लेचीच पुढे नेलेली: हाताने तिरकं ओढायचं नाही, यंत्राला वाट आखून द्यायची.

पण वाट चुकीची आखली तर यंत्र तितक्याच इमानदारीने चुकीचं काम करतं. म्हणून खरं कसब इथे स्टार्ट बटण दाबायच्या आधी लागतं. ते असं:

मेन स्विच बंद करा, टूल काढून ठेवा, चक की चकमध्ये राहिलेली नाही हे बघा. अटॅचमेंट बसणार त्या जागा ब्रशने आणि फडक्याने स्वच्छ पुसा. तिथे एक चिप अडकली तरी सगळं तिरकं बसतं. अटॅचमेंट वजनदार असते. दोघांनी उचला, खाली बोटं ठेवू नका. बोल्ट आलटून पालटून सारखे आवळा.

कोन लावताना टेपरच्या पूर्ण कोनाचा अर्धा कोन लावायचा. समजा 100 मिमी लांबीत व्यास 50 वरून 40 मिमीवर आणायचाय. फरक 10, त्याचा निम्मा 5, भागिले 100. म्हणजे टॅन 0.05 आणि कोन सुमारे 2 अंश 52 मिनिटं. टूलचं टोक बरोब्बर सेंटरच्या उंचीला हवं, नाहीतर गणित बरोबर असूनही टेपर चुकतो.

साध्या प्रकारच्या अटॅचमेंटमध्ये क्रॉस स्लाइड तिच्या स्क्रूपासून सोडवावी लागते. उघडं पडलेलं भोक झाका, म्हणजे चिप्स आत जाणार नाहीत. मग कट देण्यासाठी कंपाउंड रेस्ट काटकोनात वळवून वापरायचा. टेलिस्कोपिक प्रकारात हे सोडवणं लागत नाही. आपल्या मशीनचा प्रकार कोणता, हे मॅन्युअलमध्ये बघा आणि पहिल्यांदा बसवताना सरांना किंवा मिस्त्रींना शेजारी उभं करा.

बेडवरचा क्लॅम्प आवळायला विसरलात तर गाइड बार कॅरेजबरोबरच सरकेल आणि टेपर येणारच नाही. आणि काम झाल्यावर तो सोडायला विसरलात तर? दुसऱ्या दिवशी त्या लेथवर सरळ जॉब लावणाऱ्याचा जॉब निमुळता निघेल आणि बोलणी तो खाईल.

शेवटी, मशीन बंद असतानाच चक हाताने एक फेरा फिरवा. कॅरेज हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन आणा. काही आपटत नाही ना, ठोकळा गाइड बारवरून बाहेर जात नाही ना, बघा. बाह्या वर, केस बांधलेले, डोळ्यांना गॉगल, हातात मोजे नाहीत. आणि प्रत्येक कट जॉबच्या टोकाच्या साधारण 12 मिमी अलीकडून सुरू करा, म्हणजे जोडांमधली ढिलाई आधीच निघून जाते.

एवढं केलंत की मगच स्टार्ट. हात हँडलवर, नजर टूलवर. मॉडस्लेने हत्यार हातातून काढून घेतलं, पण त्याच्याआधीची ही सगळी तयारी मात्र अजून आपल्याच हातात आहे.